बारावं नाव

कबड्डीतला बोनस हा जरा विचित्र गुण आहे. समोर सहा किंवा जास्त गडी उभे असतील तेव्हाच तो मिळतो. चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, त्या वेळी दुसरा पाय हवेत हवा. कुणाला शिवायची गरज नाही. पण गडी मारून आणलेल्या गुणाने आपला बाद झालेला गडी परत आत येतो, तसा बोनसने येत नाही. फलकावर आकडा वाढतो, मैदानात माणसं मात्र तेवढीच राहतात.

आमच्या वडूजच्या मंडळात झालेला वाद या फरकावरूनच पेटला. दिवाळीनंतरच्या स्पर्धेसाठी अकरा नावं ठरली होती. बाराव्या जागेला दोन पोरं होती. एक सगळं थोडं थोडं करणारा. चढाई बरी, पकड बरी, कुठंही उभा करा, तक्रार नाही. दुसरा नुसता बोनसचा. त्याचा पाय इतका अचानक आत जायचा, की कॉर्नरवाल्याचा हात मागाहून रिकामाच फिरायचा. पण पकडीच्या वेळी साखळी सुटायची ती हमखास याच्याच हातापाशी.

संघ मामा बघतात. मी त्यांच्याशी भांडायला हक्काचा भाचा.

"आरं, बोनस आणतंय खरं, पर गडी कुठं उठवतंय?" मामा म्हणाले. "आन् समोर पाचच राहिले की याचं काय करायचं? शोभंला ठेवायचा?"

"पाच राहिले की दुसऱ्याला पाठवा की, मामा. सात असतात तेव्हा याला पाठवा."

"आन् पकडीला? तवा काय त्याला खिशात ठिवू?"

मामांचं चुकत नव्हतं. कबड्डीत चढाई एकट्याची असते, पण पकडीला सगळ्यांनाच उभं राहावं लागतं.

हा प्रश्न मोठ्या बाजारातही सुटलेला नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीकडचा सिद्धार्थ देसाई चढाईचा माणूस. २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. २०२३ला पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. तो कोपरा सांभाळतो आणि वेळ पडली तर चढाईही करतो. पलटणने त्याच हंगामात पहिलं विजेतेपद मिळवलं. म्हणजे मामा बरोबर? पण त्याच लिलावात सगळ्यात महाग गेला तो पवन सेहरावत, आणि त्याची ओळख चढाईचीच.

अमेरिकेत बास्केटबॉलवाले दर वर्षी हेच भांडण भांडतात. जे. जे. रेडिक हा ड्यूक विद्यापीठाचा लांबून अचूक नेम मारणारा पोरगा. हा बचाव करू शकेल का, ही शंका सुरुवातीपासून त्याच्या मागे होती. २००६च्या ड्राफ्टमध्ये ऑरलँडोने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं. पहिली काही वर्षं बहुतेक बाकावर गेली. पुढे तो एनबीएत पंधरा हंगाम खेळला. उरलेला खेळ तो संघात राहून शिकला.

मला रेडिकपेक्षा त्याचा सराव जवळचा वाटतो. नेम एकट्याने पक्का करता येतो. एक बास्केट आणि एक चेंडू असला की झालं. बोनसचंही तसंच. या पोराने घरामागच्या रिकाम्या जागेत राखेने दोन रेषा ओढल्या होत्या आणि संध्याकाळी तो एकटाच त्यांच्यावर पाय टाकत बसायचा. एकटा, कारण सोबतीला कुणी नव्हतं. खटाव-माणची पोरं पुण्या-मुंबईला जातात, कुणी गलाईच्या धंद्याला थेट परमुलखात. सणाला आणि जत्रेला मैदान भरतं, एरवी सातजण जमवणं मुश्किल.

पकड एकट्याने शिकता येत नाही. निसटणारा पाय समोर असावा लागतो, शेजारी हात धरणारा असावा लागतो. ज्याला आपण या पोराचा अपुरेपणा म्हणत होतो, तो खरं तर रिकाम्या मैदानाचा हिशेब होता. शहरातल्या क्लबात मॅट आहे, प्रशिक्षक आहे, रोज चौदा पोरं आहेत. तिथं अष्टपैलू घडतो. आणि इकडं आपण पोराला विचारतो, तू अष्टपैलू का नाहीस?

यात नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पात्र प्रमाणपत्रापर्यंत जायचं तर आधी जिल्ह्याच्या निवड समितीच्या नजरेत यावं लागतं, आणि बाराव्या नावाशिवाय तिथं कुणी बघत नाही. दुसऱ्या पोरालाही नोकरी हवीच होती, हे मामांनी मला दोनदा ऐकवलं. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, "त्याला जे येतं ते आपल्या अकरांत आणखी कुणाकडं तरी आहे. याच्याकडं आहे ते कुणाकडंच नाही. आपले दोन्ही कॉर्नर भक्कम आहेत, याची उणीव ते झाकतील."

मामा बराच वेळ वहीकडं बघत राहिले. मग बाराव्या ओळीत त्यांनी बोनसवाल्याचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं दोन्ही कॉर्नरवाल्यांची नावं.

"ही दोघं रोज अर्धा तास जास्त थांबतील," ते म्हणाले. "त्याला पकड शिकवायला. न्हाय थांबली, तर तिघंबी घरी."