खाडे

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक खिळा आहे. दर जानेवारीत त्यावर नवं कालनिर्णय येतं. वर्ष सरेपर्यंत त्याच्या कडांना हळदीची बोटं लागलेली असतात, पंख्याच्या वाऱ्याने कोपरे वळलेले असतात, दोऱ्याला बांधलेलं पेन दोनदा तरी बदललेलं असतं. विचारलं की ते सांगतं: संकष्टीचा चंद्रोदय, एकादशी स्मार्त की भागवत. न विचारता काही बोलत नाही. आणि चौकोनात एकदा लिहिलेलं विसरत नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं. आमच्या घरात तिथ्यांच्या जोडीला त्यावर दुधाचा हिशोब चढला. दूध दीड लिटर. सिलिंडर लावला. बाई आल्या नाहीत, फुली. फुली म्हणजे खाडा.

पेढ्या दीड महिन्याचा असताना आला. लॅब्रॅडॉर, रंग खरपूस पेढ्याचा. सुरुवातीला त्याच्याखाली जुन्या कालनिर्णयाची पानं अंथरायचो. तिथ्या, सण, मागच्या बाजूच्या पाककृती, सगळं त्याने भिजवलं. त्याच्या दहीभातासाठी एक लिटरचं दूध दीड झालं. लशी, जंतांचं औषध, नखं कापणं हे चौकोनांत जाऊन बसलं. अशी तेरा कालनिर्णयं त्याच्या वाट्याला आली.

तेराव्यात त्याचे मागचे पाय फरशीवर पसरायला लागले. उकाडा नसताना रात्री धापा टाकायचा, चार-चारदा जागा बदलायचा, एकाच खुब्याला चाटत राहायचा. विव्हळला मात्र कधी नाही, म्हणून आम्ही त्याला म्हातारपण म्हणत राहिलो. कुत्रं दुखणं लपवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. सांधे झिजले होते. कुत्र्यांसाठीची वेदनाशामक गोळी सुरू झाली, मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं. ‘तुमच्या घरातली ब्रुफेन चुकूनही देऊ नका, विष आहे त्याला,’ हेही त्यांनी बजावलं. ह्यांच्या हातात त्या आठवड्यात ती पट्टी आलीच होती.

जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, ‘काकू, आठवणीवर जाऊ नका. रोज रात्री लिहून ठेवा, दिवस बरा गेला की वाईट.’ अमेरिकेतल्या अ‍ॅलिस व्हिलालोबॉस या पशुवैद्य बाईंनी २००४ साली एक मापन मांडलं, तेही त्यांनी समजावलं. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं आणि वाईटापेक्षा बरे दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण, सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तोवर जगणं सुसह्य धरायचं. मला गुण देणं जमेना. मला खाडे मांडता येत होते.

मग दुधाच्या आकड्याखाली त्याची खूण सुरू झाली. आपण होऊन उठला का, जेवला का, कोरडा राहिला का, फाटकापर्यंत आला का, रात्री झोपला का. यातलं तीन बिनसलं की फुली.

जुलैत चार फुल्या. ऑगस्टात नऊ. सप्टेंबरात मी खोटं लिहिलं. तो दिवसभर उठला नव्हता, ओल्यात पडून होता, पण पुसायला बसले तेव्हा त्याने माझं मनगट चाटलं. तेवढ्यावर मी चौकोन कोरा सोडला. सकाळी पाहिलं तर ह्यांनी निळ्या शाईने फुली मारलेली. आम्ही त्यावर बोललो नाही. शेपटीचा एक हेलकावा चार रात्री पुसून टाकतो. कागदावर त्या चारही रात्री तशाच राहतात, आणि म्हणूनच त्याच्यासमोर उभं राहायला मला भीती वाटू लागली होती.

ऑक्टोबर अर्धा झाला आणि एका रात्री मी पेन धरून थांबले. आता फुली रोजची झाली होती. रोजचं कोणी मांडत नाही. तेव्हापासून मी बऱ्या दिवसाला खूण करायला लागले. चांगला दिवस हाच खाडा झाला होता. निर्णय खरं तर त्या रात्रीच झाला होता. आम्ही तो पुढे ढकलला.

त्याच पानावर २ तारीख लाल असते. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. गांधीजींनी आश्रमातल्यांशी बोलून डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं, स्वतः जवळ थांबले. संतापाची पत्रं आली. त्यांनी ‘नवजीवन’मध्ये लिहून उत्तर दिलं, आपलं कृत्य अहिंसेतच बसतं म्हणून. ज्यांचा मला एरवी धाक वाटतो त्या माणसाचा मला त्या दिवसांत आधार वाटला. पण त्यांचाही आधार पुरेना. आधी वसुबारस होऊ दे म्हटलं, मग मुलगा बंगळुरूहून येतोय, मग भाऊबीज. प्रत्येक वेळी मी कालनिर्णयाकडे बघून तारीख काढत होते, पेढ्याकडे बघून नाही.

भाऊबीजेनंतर मुलानेच विचारलं, ‘आई, हे त्याच्यासाठी थांबलोय का आपण?’

डॉक्टर म्हणाले, ‘अगदी वाईट दिवसाची वाट बघू नका. थोडा बरा असेल तेव्हा बोलवा, घरी येतो.’ ह्यांनी आयुष्यात मुहूर्त पाहिला नाही. त्या संध्याकाळी मी खोलीत आले तर ते कालनिर्णयाचं पान उलटून शुभ दिवसांची यादी वाचत होते. मी दिसताच पान सोडलं. मंगळवार ठरला. चौकोनात आधीपासून फक्त तिथी होती. मी ‘४ वाजता’ एवढंच लिहिलं.

मंगळवारी सकाळी त्याने दहीभात खाल्ला, चमच्याने. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं: पहिलं इंजेक्शन गुंगीचं, मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा जादा डोस, आधी भान जातं, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडे राहतील, एखादा श्वास नंतर आल्यासारखा वाटेल, घाबरू नका. डोकं माझ्या मांडीवर होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचे मागचे पाय सैल पडलेले मी पाहिले.

रात्री कालनिर्णयापुढे गेले, तेव्हा कळेना काय मांडायचं. दिवस बरा गेला होता. मी बऱ्याची खूण केली.

दूधवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं. बुधवारी दीड लिटर आलं. मी चौकोनात दीड लिहिलं.