ढिगाऱ्यावरची वहिवाट

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, सानरेमो शहरालगतच्या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर वसलेले बुस्साना वेक्किया, म्हणजे 'जुने बुस्साना', दुरून उजाड दिसते आणि चढ संपता संपता हळूहळू राहते गाव होते. फुटक्या कमानींखाली उंबरे दिसू लागतात, अर्ध्या भिंतींना टेकून कुंड्या दिसतात, आणि एखाद्या तळघरातून कुंभाराच्या भट्टीची ऊब येते. हे गाव कोणाचे, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. गावाचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास मात्र बव्हंशी त्याच प्रश्नाचा आहे.

२३ फेब्रुवारी १८८७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर सहाशेहून अधिक माणसे मारली. तो दिवस 'राखेचा बुधवार' होता. वसईच्या ख्रिस्ती समाजालाही परिचित असलेला, कपाळाला राख लावून चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा आरंभ करण्याचा हा दिवस असल्याने माणसे भल्या सकाळी चर्चमध्ये जमली होती, आणि याच भागातल्या बायार्दो गावी तर चर्चचे छत कोसळून दोनशेहून अधिक भाविक गाडले गेले. बुस्सानातही सांत एजिदियो या संताच्या चर्चचे छत खाली आले, पण पुष्कळशी मंडळी बाजूच्या छोट्या प्रार्थनाकक्षांत शिरल्याने वाचली. तरी गावात पन्नासहून अधिक माणसे दगावली. उरलेल्यांनी काही वर्षे झोपड्यांत काढली आणि १८९४ मध्ये उताराखाली, समुद्राजवळ, नव्या बुस्सानात बिऱ्हाड हलवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतून कामाच्या शोधात आलेली गरीब कुटुंबे या ओसाड घरांत शिरली. ही वस्ती प्रशासनाने उठवलीच; शिवाय पुन्हा कोणी राहायला येऊ नये म्हणून शाबूत राहिलेली छपरे आणि जिने पाडून टाकले. भूकंपाने जे वाचवले होते ते अशा रीतीने सरकारी हातोड्याने गेले, आणि कलावंतांच्या पुनरुज्जीवनाचे कौतुक करताना या पहिल्या, निनावी रहिवाशांचा उल्लेख क्वचितच होतो, हे नोंदवायला हवे.

कलावंत आले ते १९५९ च्या सुमारास. 'क्लित्झिया' हे टोपणनाव घेतलेला तोरीनोचा मृत्तिकाशिल्पी, म्हणजे भाजलेल्या मातीतून शिल्पे व भांडी घडवणारा कलाकार, मारिओ जानी याने येथे आंतरराष्ट्रीय कलावंतांची वसाहत उभारायचे ठरवले. वीज नाही, नळ नाही, अशा जागी आलेल्या या मंडळींनी ढिगाऱ्यातलेच दगड, कौले आणि विटा उपसून घरे उभी केली, आणि स्वतःसाठी एक सनद ठरवली: घर कोणाच्याही खाजगी मालकीचे नसेल, ते विकता वा भाड्याने देता येणार नाही, आणि जो येथे राहून कलानिर्मिती करील त्यालाच ते वापरता येईल. १९६८ मध्ये पोलीस त्यांना हुसकावण्यास आले तेव्हा रहिवाशांनी रस्ते अडवले, पत्रकारही जमले, आणि पोलीस परत गेले.

ही सनद उदात्त होती, यात शंका नाही. परंतु ती करणाऱ्यांपाशी त्या वेळी मालकी सांगण्याजोगे फारसे काही नव्हते, हेही तितकेच खरे. ज्या माणसाने दहा उन्हाळे खपून एक कमान सावरली, पावसाचे पाणी अडवायला गच्ची घातली आणि त्या गच्चीखाली मुले वाढवली, त्याच्या मनात 'माझे' हा शब्द कोणत्या दिवशी उगवला हे सांगता येत नाही, पण तो उगवला नसता तरच नवल. दुकाने मांडावीत की नाही, घराचे हक्क दुसऱ्याला द्यावेत की नाही, यावरून वसाहतीत तट पडले, आणि पुढे रहिवाशांना न्यायालयात कब्जेवहिवाटीचा, म्हणजे दीर्घकाळच्या अखंड ताब्यातून मालकी मिळते या तत्त्वाचा, आधार घ्यावा लागला. इटलीच्या दिवाणी संहितेनुसार बेवारस स्थावर मालमत्ता राज्याची ठरते, आणि न्यायालयांचा कौल राज्याच्या बाजूने गेला. आपल्या सनदेने जी मालकी नाकारली, तीच मागायला कलावंत गेले आणि रित्या हाताने परतले; ज्या यंत्रणेने एकेकाळी छपरे पाडली, ती छपरे पुन्हा घालणाऱ्यांची घरमालक झाली.

मराठीत 'जीर्णोद्धार' म्हटले की जुने पाडून नव्याने, बहुधा अधिक चकचकीत उभारणे डोळ्यांपुढे येते. बुस्सानातल्या डागडुजीत असा पुसून टाकण्याचा सोस नाही: भेग भेग म्हणून दिसते, दुरुस्तीचा दगड दुरुस्तीचा म्हणून ओळखू येतो, आणि माणूस पडझडीच्या मधोमध संसार मांडून राहतो. या संयमात सौंदर्यदृष्टी किती आणि पैशाची चणचण किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि कायद्याची टांगती तलवार नसती तर घरे किती बदलली असती याचाही अंदाज बांधण्यात अर्थ नाही. सांत एजिदियोच्या चर्चवर मात्र कलावंतांनीही छत घातले नाही. घंटेचा मनोरा उभा आहे, भिंतींवर चुन्यातल्या नक्षीचे अवशेष टिकून आहेत, आणि १८८७ च्या त्या सकाळी जेथे माणसे जमली होती तेथे आता गवत वाढते.