गरम माप

घोटीत भाताची कापणी-झोडणी उरकली की गिरण्यांना उसंत नसते. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, या गिरण्यांचे फिटर. गिरणी कुरकुरायला लागली की बोलावणं यायचं. सुट्टी असली की मीही त्यांच्यामागे जायचो. लाकडी दांड्याचं एक टोक हाउसिंगवर आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत आणि नेमकं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत.

नवं बेअरिंग बसवायची त्यांची पद्धत मला तोंडपाठ होती. पत्र्याच्या डब्यात तेल तापवायचं. बेअरिंग तारेला टांगून त्यात सोडायचं, पण डब्याच्या बुडाला टेकू द्यायचं नाही. बूड तेलापेक्षा जास्त तापलेलं असतं. थोड्या वेळाने फडक्यात धरून ते शाफ्टवर सरकवायचं. हातोडीचा एक ठोका लागत नसे. गार झालं की बेअरिंग शाफ्टला आवळून बसे, मग ते दोघांच्या जोरानेही हलायचं नाही.

पुढे मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात लागलो. आम्ही विमानांचे सुटे भाग करायचो. नाशिक जिल्ह्यात हे काम आलं ते ओझरमुळे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६० च्या दशकात, तिथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. मिग-२१, मिग-२७, मग सुखोई-३० तिथेच तयार झाली. माझ्या वाट्याला अख्खं विमान कधी आलं नाही. ब्रॅकेट, बुश, बिजागरीचे तुकडे आले. पण प्रत्येक तुकड्यामागे कागद असतो: धातू कुठल्या ओतीचा, कुठल्या मशीनवर कापला, कोणी मोजला. दहा वर्षांनी विमानात काही बिघडलं तरी हात थेट त्या सहीपर्यंत पोचतो. या कामातलं मला सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जून महिन्यात, माझी सही चुकली.

ॲल्युमिनियमचे बारा ब्रॅकेट होते, लांबी ४०० मिलिमीटर, सूट ५ शतांश कमी किंवा जास्त. रात्रपाळी संपत आली होती, माल सकाळी जायचा होता. मशीनवरून निघालेले तुकडे मी तिथेच मोजले. मायक्रोमीटर मात्र वातानुकूलित मापन खोलीतून नुकताच आणलेला. माप ३९९.९९ आलं. बाराही पास. मी सही केली आणि घोटीची एसटी धरली.

मुंढेगावच्या अलीकडे पाऊस लागला. खिडकीचा गज हाताला गार लागला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तुकडे हाताला कोमट लागले होते!

घोटीला उतरून लगेच उलटी गाडी पकडली. माल अजून फाटकाच्या आत होता. एक तुकडा मापन खोलीत ठेवून गार होऊ दिला. जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरतात आणि ती खोली त्याच तापमानाला ठेवलेली असते. आता माप आलं ३९९.९२. खालची मर्यादा होती ३९९.९५. चारशे मिलिमीटरचं ॲल्युमिनियम आठ अंशांनी तापलं की सुमारे ७ शतांश मिलिमीटर वाढतं. हे गणित मी परीक्षेत पूर्ण गुणांनी सोडवलेलं होतं.

साहेबांकडे जाऊन सांगितलं. जीभ कोरडी पडली होती. बारा तुकड्यांना लाल टॅग लागले. नंतर ते करवतीने आडवे कापले, कारण विमानाचा बाद भाग भंगारातून पुन्हा कुठे वापरात येता कामा नये. पहिला तुकडा मीच कापला.

रात्री आण्णांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "अरे, तेलाचा डबा विसरलास?"

एवढंच. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. ६० मिलिमीटर आतल्या व्यासाचं बेअरिंग ७० अंशांनी तापलं की तो व्यास ५ शतांश वाढतो, म्हणून ते शाफ्टवर सरकतं. ज्या गोष्टीवर आमचं घर चाललं तीच मी मशीनसमोर उभा असताना विसरलो होतो. तेव्हापासून मी मापाच्या प्रत्येक नोंदीपुढे तुकड्याचं तापमान लिहितो, कोणी मागो न मागो.

२६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरहून उडालं. म्हणजे आपल्या भागात हे काम अजून बरीच वर्षं राहणार आहे, आणि त्याला माणसं लागणार आहेत. घोटी-इगतपुरीकडच्या ज्या मुलामुलींना या कामात यायचं आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. भाताच्या हंगामात एखाद्या गिरणीत जा, फिटरकाकांना विचारा आणि बेअरिंग बसवताना शेवटपर्यंत उभं राहून पाहा.