दुसरं हसू

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, सतीश शहा गेले. २०१२ साली जसपाल भट्टी गेले तीही २५ ऑक्टोबरच. शफी इनामदार तर १९९६ मध्येच गेले होते. मग १९९९ मध्ये जतीन कणाकिया, २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे, २०१७ मध्ये रीमा लागू. पडद्यावरून हसवणाऱ्या या नटांपैकी एकालाही मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. तरी दर बातमीला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. असं का वाटतं ते सांगायचं तर सिंदीबद्दल आणि मोठेबाबांबद्दल सांगावं लागेल.

सिंदी रेल्वे हे नागपूर-वर्धा मार्गावरचं, सेलू तालुक्यातलं गाव. तान्ह्या पोळ्याला इथे लाकडाचे मोठमोठे नंदी निघतात आणि ते पाहायला आजूबाजूची सगळी गावं लोटतात. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते पोस्टात होते. गावातल्या बहुतेक घरांची ओसरी त्यांना आतून माहीत होती. कोणाची मनीऑर्डर कुठून येते, कोणाच्या पत्राला उत्तर गेलं नाही, कोणाला पत्र वाचून दाखवावं लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. वाचून दाखवण्याची सवय त्यांना तिथूनच लागली असावी.

आमच्याकडे टीव्हीवरचा विनोद आला तोही आधी टपालानेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आत्या कुर्ल्याला राहायची आणि तिच्या शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. ‘गजरा’ या कार्यक्रमात या वेळी काय झालं, हे ती आंतर्देशीय पत्रात बारीक अक्षरात, कडेच्या समासापर्यंत लिहायची. पुढे १९७७ च्या सुमारास ‘चिमणराव’ सुरू झालं तेव्हा तिच्या पत्रांत घरची खुशाली दोन ओळींची आणि बाकी सगळे चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे. मोठेबाबांनी चिमणरावाचे लेखक चिं. वि. जोशी आधीच वाचलेले होते. बडोद्याला पाली शिकवणारा हा पंडित माणूस इतका हसवतो याचं त्यांना फार अप्रूप होतं. ते पत्र वाचत आणि चिमणराव कसा बोलला असेल, गुंड्याभाऊ कसा उभा राहिला असेल, ते करून दाखवत. ती मालिका आमच्यापैकी कोणी तेव्हा पाहिली नाही. आमच्या भागात टीव्ही दिसू लागला तोवर ती संपली होती. बाळ कर्व्यांना आम्ही सिंदीत ऐकलं ते आत्याच्या अक्षरातून आणि मोठेबाबांच्या आवाजातून.

एशियाडनंतर हळूहळू टीव्ही आला. १९८४ साली देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली, पण आमचा भरवसा नागपूरवरच होता. मोठेबाबांनी लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा कृष्णधवल संच घेतला. टीव्हीचा परवाना तेव्हा पोस्टातूनच निघायचा. दुसऱ्यांना परवाने मिळवून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावचा परवाना नीट घडी करून देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला. कवेलूंवरून उंच बांबू गेला, त्याच्या टोकाला अँटेना, तोंड ईशान्येला. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एक पोट्टं वर, एक अंगणात, एक संचापाशी, आणि तिघांच्या ओरडण्यातून शेवटी चित्र स्थिर व्हायचं.

‘ये जो है ज़िन्दगी’ सुरू झालं तेही १९८४ मध्येच. शरद जोशींचं लेखन, कुंदन शहांचं दिग्दर्शन. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे रणजित-रेणू जोडपं, तिचा भाऊ राजा म्हणजे राकेश बेदी, आणि सतीश शहा दर भागात वेगळे. प्रायोजक होते विकोवाले. विकोचे संस्थापक केशव पेंढरकर मूळचे नागपूरचे, हे मोठेबाबांना ठाऊक होतं, आणि जाहिरात लागली की ते दर वेळी सगळ्यांना सांगायचे, “आपल्या नागपूरच्या मानसाचा कार्यक्रम आहे हा.” त्यामुळे आमच्या आळीत त्या मालिकेविषयी जिव्हाळा जरा जास्तच होता.

बसण्याची रीत ठरलेली होती. पुढे सतरंजीवर पोट्टे, मागे भिंतीला टेकून पुरुष, आणि मधल्या दाराच्या आत, अर्ध्या अंधारात, आजी आणि शेजारच्या बाया. आजीला हिंदी येत नव्हतं. कानही कमी झाले होते. मोठेबाबा त्या दाराच्या उंबऱ्यावर बसत, एक कान टीव्हीकडे आणि तोंड आजीकडे.

टीव्हीत काही झालं की पुढची रांग हसायची. मग मागून आजीचा आवाज, “काय म्हने रे थो?” मोठेबाबा सांगायचे, “अवं माय, थो म्हन्ते का…” आणि पुढचं सगळं आमच्या बोलीत. रणजितचं ऑफिस वर्ध्याच्या कचेरीत यायचं, रेणू सेलूची रेणुका व्हायची, राजा कॉलेजच्या नावाखाली नागपुरात भाड्याच्या खोलीवर राहणारा आपलाच साळा. सतीश शहा पडद्यावर आले की आजीला आधीच खूण मिळायची: “हा पाय, थोच आहे, आज अडत्या बनून आला.” पुढच्या आठवड्यात तलाठी, त्याच्या पुढच्या आठवड्यात सोयरीक जुळवणारा. मालिकेत तो माणूस कोणीही असो, सिंदीत येताना त्याला सिंदीचा धंदा मिळायचा.

आणि मग दुसरं हसू यायचं. आतल्या खोलीतून, पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायांचं. ते पहिल्यापेक्षा नेहमी मोठं असे. आम्ही पोट्टे टीव्हीकडे पाठ करून आजीचा चेहरा बघायचो, आणि त्या नादात टीव्हीतला पुढचा विनोद हुकायचा. तो हुकला म्हणून कोणाचं काही बिघडत नव्हतं, कारण तोही मोठेबाबा आजीला सांगणारच होते.

१९८६ ला ‘नुक्कड’ आलं. समीर खख्खर यांच्या खोपडीवर आजीचा जीव होता. दारू पिऊन रस्त्यात पडणारा तो माणूस पाहून बाकीचे हसत, आजी हळहळे. गांधींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात दारूबंदी, तेव्हा तिचा उपाय तयार होता, “त्याले वर्ध्याले आना म्हना, सुधरन लेकाचा.” बंदी असूनही गावात काय मिळतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्या वाक्यावर भिंतीला टेकलेले पुरुष सगळ्यात मोठ्याने हसले. खख्खर २०२३ च्या मार्चमध्ये गेले तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आजीचं हे वाक्य.

‘वागळे की दुनिया’ मात्र मोठेबाबा वेगळ्या प्रकारे बघत. १९८८ ची ही मालिका, आर. के. लक्ष्मण यांची कल्पना आणि पुन्हा कुंदन शहाच. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. देशभर दिसणाऱ्या मालिकेत एक मराठी आडनावाचा, साधा, नाकासमोर चालणारा नोकरदार. रांग लावणारा, हिशेब जुळवणारा, साहेबापुढे शब्द गिळणारा. त्या अर्ध्या तासात मोठेबाबा आजीला फारसं काही सांगत नसत. आजीनेही विचारलं नाही. तिला मुलाकडे बघूनच कळत असावं. जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ १९८९ मध्ये आला तेव्हा ते पुन्हा खुलले. सरकारी कामाची आतली रीत त्यांना पाठ होती आणि भट्टींच्या एकेका मिनिटावर त्यांच्याकडे पाच मिनिटांचं भाष्य असे.

मग आजी गेली.

तेराव्यानंतर पाव्हणे पांगले आणि एका रात्री टीव्ही पुन्हा लागला. मोठेबाबा त्याच उंबऱ्यावर बसले. पुढची रांग हसली. तेही हसले, आणि सवयीने मान आत वळली. त्यानंतर ते उंबऱ्यावर बसायचे सोडून खुर्चीवर बसू लागले. आम्हाला वाटलं, वय झालं, टेकायला बरं पडतं.

नव्वदीत घरोघरी टीव्ही आले, मग केबल. ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’, ‘तू तू मैं मैं’ हे सगळं आम्ही आवडीने पाहिलं. जतीन कणाकियांसारखा आवाजाचा आणि चेहऱ्याचा खेळ करणारा नट मला नंतर क्वचितच दिसला. ते फार लवकर गेले. रीमा लागू सासू म्हणून भांडताना सुद्धा गोड दिसायच्या. पण हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहिलं. आळीत एकाच वेळी सात-आठ घरांतून तोच संवाद ऐकू यायचा आणि कोणी कोणाला काही सांगायची गरज उरली नव्हती. २००१ ला अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लागलं तेव्हा प्रभावळकर आबांच्या रूपात आले. मोठेबाबा निवृत्त होते, जवळजवळ आबांच्याच वयाचे. ते ठरलेल्या वेळेला चष्मा पुसून बसत. आत्याच्या पत्रातला चिमणराव त्यांना अखेर डोळ्यांनी बघायला मिळाला होता, वेगळ्या वयाचा. त्यानंतर काही वर्षांनी मोठेबाबाही गेले.

सतीश शहा गेले त्या रात्री मी पुण्यात, फोनवर ‘ये जो है ज़िन्दगी’चे मिळतील तेवढे भाग काढून बघत बसलो. मला एक प्रसंग हवा होता. सोयरीक जुळवणारे सतीश शहा मुलीचे गुण बोटांवर मोजतात, दोन्ही हातांची बोटं संपतात, मग ते शेजारच्या माणसाचा हात ओढून त्याच्या बोटांवर पुढचे गुण मोजू लागतात. लहानपणी त्यावर हसून माझं पोट दुखलं होतं. जे भाग बघायला मिळाले त्यांत तो प्रसंग नव्हता. उशीर झाला होता तरी नागपूरला ताईला, मोठेबाबांच्या मुलीला, फोन केला. ती म्हणाली, “अरे, ते बाबांनी केलं होतं. आजीचा हात धरून तिच्या बोटांवर मोजलं होतं. सतीश शहा कुठले?”

मग एकेक तपासत गेलो. मला आठवणारे कितीतरी विनोद त्या भागांत नाहीतच. सतीश शहा माझ्या आठवणीपेक्षा कमी बोलतात. थांबतात, बघतात, एवढ्यावर काम करतात, आणि ते आता मोठेपणी मला जास्तच थोर वाटलं. पण अडत्या, तलाठी, वर्ध्याची कचेरी, सेलूची रेणुका यांतलं काही त्या मालिकेत नाही. ते उंबऱ्यावर तयार झालं आणि उंबऱ्यावर संपलं. माझ्या लहानपणातल्या त्या मालिकेचा निम्मा लेखक आमच्या घरात बसलेला होता, आणि हे मला तो जाऊन इतक्या वर्षांनी कळलं.

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या. एकीवरचं पुसून त्याच टेपवर दुसरं चित्रित करत. मुंबई केंद्रावरचं कितीतरी चांगलं काम असं गेलं. ते वाचून फार वाईट वाटतं. बाळ कर्व्यांसारख्या नटाने ज्या भूमिकेवर आयुष्यभराची ओळख मिळवली, ती पुढच्या पिढीला पूर्ण बघता येऊ नये, याला भरपाई नाही. मोठेबाबांचं तर कोणत्याच टेपवर नव्हतं.

एक गोष्ट मला आणखी लागते. २०१४ ला झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि अमरावतीकडचे भारत गणेशपुरे आपल्या बोलीत, निवांत, कोणाचीही भीड न धरता बोलू लागले. त्याआधी आमची बोली पडद्यावर आली तर बहुधा गावंढळ माणसाची खूण म्हणून यायची. गणेशपुरे तीच बोली घेऊन दुसऱ्यांची फिरकी घेत होते आणि सगळा महाराष्ट्र त्यांच्या बाजूने हसत होता. त्या दिवाळीत सिंदीच्या घरात आम्ही सगळे एकत्र बसून ते पाहिलं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून लहान पोरापर्यंत एकदमच हसलो, कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मला आनंद झाला आणि घशाशी दाटूनही आलं. मोठेबाबा तीस वर्षं आधी, एकट्या आजीसाठी, हेच करत होते. त्यांनी हे बघायला हवं होतं.

ताईच्या आणि माझ्या आठवणीत असलेलं आम्ही आता फोनवर बोलून ठेवायला सुरुवात केली आहे. ती मोठेबाबांचा आवाज माझ्यापेक्षा चांगला काढते. आजीचा मला जमतो. तुमच्याही घरात असं कोणी असेल, ज्याने हिंदीतलं किंवा पुण्या-मुंबईचं हसू आपल्या बोलीत आणून मागच्या रांगेला दिलं. ते माणूस हयात असेल तर त्याच्यासमोर बसा, एखादी जुनी मालिका लावा आणि विचारा, “काय म्हन्ते जी थो?” आणि ते सांगू लागले की फोन चालू ठेवा.