दोन नांवें

नकाशाचें ज्ञान मोठें कीं माणसांची ओळख मोठी, असा वाद घरीं निघाला म्हणजे मी मुलांना दिलीप परुळकर या मराठी वैमानिकाची हकीकत सांगतों.

10 डिसेंबर 1971 रोजीं त्यांचें सुखोई-7 विमान पाकिस्तानांत पाडलें गेलें व ते रावळपिंडीच्या छावणींत युद्धकैदी झाले. पुढें ऑगस्ट 1972 मध्यें, एका वादळी रात्रीं, कोठडीच्या भिंतीस भगदाड पाडून ते ग्रेवाल व हरीश सिंहजी या सोबत्यांसह निसटले आणि पेशावरमार्गें लंडी कोतलला पोंचले. अफगाण सरहद्द आतां अवघ्या कांहीं मैलांवर होती. तेथें त्यांनीं लंडीखान्याची वाट विचारली. नकाशांत त्या नांवाचें स्टेशन होतें. प्रत्यक्षांत तेथील आगगाडी 1932 सालींच बंद पडलेली! ऐकणाऱ्यांस संशय आला व तिघेही पकडले गेले.

हेर समजून कोणी प्राणही घेते. तेव्हां परुळकरांनीं उस्मान हमीद या पाकिस्तानी हवाई दलाच्या अधिकाऱ्याशीं टेलिफोनवर बोलूं देण्याची विनंती केली. छावणीचे प्रमुख असतांना ते कैद्यांशीं सौजन्यानें वागले होते. हे आमचेच कैदी, यांस इजा होऊं देऊं नका, असें त्यांनीं कळविलें. तिघे वांचले आणि 1 डिसेंबर 1972 रोजीं मायदेशीं परतले.

छापील नांवानें दगा दिला, माणसाच्या नांवानें तारलें. मुलांना नकाशा वाचावयास अवश्य शिकवावें. पण शत्रूसही आपलें नांव विश्वासानें घेतां येईल, असें वागावयासही शिकवावें.