जयपूरला मी पाय बघायला गेले

जयपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हवामहल, आमेरचा किल्ला, बांधणीच्या ओढण्या, लाखेच्या बांगड्या. माझ्याही डोळ्यांसमोर हेच यायचं. पण मागच्या हिवाळ्यात मी मुंबई सेंट्रलहून जयपूरची गाडी पकडली, ती यातल्या कशासाठीच नाही. पिशवीत एक जाडजूड पुस्तक होतं आणि मनात नापास झाल्याची बोच.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर किंवा अपघातानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठी मदत करणं हे माझं काम. त्यासाठी जी साधनं लागतात त्यांना ‘सहाय्यक तंत्रज्ञान’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यात आजीचा चश्मा येतो, आजोबांची काठी येते. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कृत्रिम पाय आणि डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा कॉम्प्युटरही येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 250 कोटींहून जास्त लोकांना असं एखादं तरी साधन लागतं.

अमेरिकेतली रेसना ही संस्था या विषयातलं ‘असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी प्रोफेशनल’ हे प्रमाणपत्र देते. परीक्षा चार तासांची, 200 बहुपर्यायी प्रश्नांची. मी साधनांची नावं, मापं, प्रकार सगळं घोकून गेले आणि आपटले. कारण ‘आता तुम्ही सर्वांत आधी काय कराल?’ असं विचारलं की माझं बोट हमखास एखाद्या यंत्राकडे जायचं.

निकाल हातात आला त्या रात्री मला गावच्या माळ्यावरचा पाय आठवला.

माळ्यावरचा पाय

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सांगली जिल्ह्यातले शेतकरी. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. काकांनी शहरातून चांगला महागाचा कृत्रिम पाय करून आणला. दिसायला देखणा, पण बुटात घालून चालायचा. आबा जन्मभर शेतात अनवाणी, फार तर पायताण घालून फिरलेले. त्या पायाने त्यांना उकिडवं बसता येईना, जेवताना मांडी घालता येईना, पाटाच्या चिखलात पाऊल टाकता येईना. पंधरा दिवसांत पाय माळ्यावर गेला.

“आबा, तुम्ही सवयच करत नाही,” असं घरात सगळे म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे. आबा उलटून काही बोलायचे नाहीत. कुबड्या घ्यायचे आणि गोठ्याकडे जायचे.

परीक्षेच्या पुस्तकात मला 1993 सालचा एक अभ्यास भेटला. अमेरिकेतल्या 227 प्रौढांना विचारलं, तेव्हा त्यांना मिळालेल्या साधनांपैकी सुमारे 29 टक्के साधनं वापरातून गेलेली निघाली. त्यामागचं एक मोठं कारण असं की, साधन निवडताना वापरणाऱ्याचं मतच नीट विचारात घेतलं नव्हतं. ती ओळ मी तीनदा वाचली.

मग जयपूरच का?

कारण आबांचीच अडचण 1960 च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रोज दिसत होती. पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाय बुटासाठी बनवलेले, घोट्यात कडक. खेड्यातली माणसं ते घेऊन जायची आणि काढून ठेवायची. हे ओळखलं ते ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी. मास्टरजींना ट्रकच्या टायरचं रिमोल्डिंग बघून रबराची कल्पना सुचली, असं सांगतात. त्यातून 1968 च्या सुमारास ‘जयपूर फूट’ तयार झालं. वरून कातडीच्या रंगाचं रबर, त्यामुळे बूट लागत नाही. आतली रचना अशी की पाऊल सगळ्या बाजूंना थोडं वळतं. या पायावर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, पाण्यात आणि चिखलात चालता येतं. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1975 मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत बसवते.

समितीचं मालवीय नगरातलं केंद्र मी परवानगी घेऊन पाहिलं. कारखाना, दवाखाना आणि धर्मशाळा यांची सरमिसळ वाटावी अशी जागा. प्लास्टरचा साचा, त्यावर भट्टीत तापवून मऊ केलेला एचडीपीईचा पाइप ओढून बसवतात, की सॉकेट तयार. शेताला पाणी देतात त्या पाइपाचंच हे प्लास्टिक!

माझं लक्ष मात्र एका बाईंकडे होतं. पाय बसवल्यावर त्या दोन पावलं चालल्या आणि भिंतीशी जाऊन चक्क उकिडव्या बसल्या. हाताने चुलीत लाकूड सारल्यासारखं केलं, उठल्या, पुन्हा बसल्या. मगच कारागिराकडे बघून मान हलवली. तिथे उभ्या उभ्या मला आबांचं गप्प राहणं ऐकू आलं. आम्ही पाय आणला होता, पण ‘तुम्हाला काय काय करायचंय?’ हे एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी धर्मशाळेच्या खोलीत मी पुस्तक पुन्हा उघडलं. गरज ओळखा, उपाय ठरवा, तो अंमलात आणा, परिणाम तपासा: परीक्षेचा गाभा एवढाच. यातल्या शेवटच्या पायरीशिवाय जयपूरचा पायही पुरा पडत नाही, बरं का. पाय काढल्यानंतर उरलेला भाग काही महिन्यांत आक्रसतो, सॉकेट सैल होतं, टोचायला लागतं. पुन्हा दाखवायला गेलं नाही तर तोही माळ्यावरच जातो.

तुम्ही गेलात तर

मालवीय नगरला जायचं तर जयपूर जंक्शनच्या अलीकडची दुर्गापुरा आणि गांधीनगर ही स्थानकं जवळ पडतात. गाडी तिथे थांबते का ते आधी बघा. केंद्र बघायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि न विचारता कुणाचा फोटो काढू नका.

आमेर, जंतरमंतर जरूर बघा, प्याज कचोरी खा. फक्त एक करा. किल्ल्याचा चढ चढताना मनात म्हणा, ‘व्हीलचेअरवरचा माणूस इथे कसा येईल?’ रॅम्पचं साधं गणित असं: एक फूट उंची चढायची तर किमान बारा फूट लांबी हवी. एकदा ही नजर आली की आपल्या सोसायटीची तीन पायऱ्यांची चढणही वेगळी दिसते.

आणि घरात कुणासाठी साधन घ्यायची वेळ आली, तर दुकानात जाण्याआधी त्यांच्याशेजारी बसा. सकाळी उठल्यापासून ते काय काय करतात, कुठे अडतं, काय सोडून द्यावं लागलं, ते त्यांच्याच तोंडून ऐका. श्रवणयंत्र असो की वॉकर, यादी नंतर.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. प्रमाणपत्र आलं तेव्हा गावी गेले आणि माळ्यावरचा तो पाय खाली काढून पुसला. आबा आता नाहीत. बाबा शेजारी येऊन उभे राहिले, तेव्हा मी म्हटलं, “बाबा, चूक आबांची नव्हती.”

बाबा बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. म्हणाले, “मला वाटायचंच. पण विचारलं नाही कधी.”

तुमच्या माळ्यावर, कपाटात असं एखादं न वापरलेलं साधन पडलंय का? असेल, आणि ते ज्यांच्यासाठी आणलं होतं ती व्यक्ती घरात असेल, तर आज जेवताना विचारून बघा.