अर्धं तिकीट

आमच्या घरात माणसांच्या तीन जाती होत्या. पाच वर्षांच्या आतलं ते मांडीवरचं, पाच ते बारा ते अर्धं, आणि त्यापुढे पूर्ण. वर्षभर या भेदाची कुणाला आठवण नसे. मार्च संपत आला, की आई वाणसामानाच्या वहीचं मागचं पान उघडून बसायची. नाशिकरोड ते पाचोरा इतके, पाचोऱ्यापासून पुढे इतके, परतीचे तेवढेच, शिवाय मामाच्या पोरांना खाऊ आणि आजीला लुगडं. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात कामाला, आणि आम्ही भावंडं तीन. आईच्या हिशेबात ‘पू’ आणि ‘अ’ अशी अक्षरं असायची. आम्ही तिघेही बरीच वर्षं ‘अ’ होतो किंवा त्याहून स्वस्त होतो. म्हणूनच आम्हाला आजोळ मिळालं, असं आज वाटतं. मामाचा गाव, माया, आंबे हे सगळं खरं आहे. पण ते पोचायच्या आत एक बेरीज जमावी लागते, आणि ती जमवणारी बाई बहुधा ती बेरीज कुणाला दाखवत नाही.

भुसावळ पॅसेंजरने आम्ही जायचो. लासलगाव, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव असं करत गाडी पाचोऱ्याला पोचेपर्यंत डब्यातल्या लोखंडी गजांना हात लावता येत नसे. खरी मजा पुढे होती. पाचोरा ते जामनेर ही अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. तिला सगळा मुलूख ‘पीजे’ म्हणायचा. डबे इतके अरुंद, की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागणार. मामाचं गाव शेंदुर्णीपासून बैलगाडीच्या वाटेवर. पीजेचं अर्धं तिकीट इतकं स्वस्त होतं, की तिथे आई आम्हाला पसरून बसू द्यायची. मोठ्या गाडीत मात्र तिघांत मिळून दीड जागा हा तिचा दंडक होता. अर्धं तिकीट काढलंय तर अर्धंच बसायचं, हे तिचं गणित रेल्वेच्या कुठल्याही नियमपुस्तकात नसावं.

आम्ही पोचायचो ते आखाजीच्या बेताने. खानदेशाबाहेर अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. खानदेशात ती लेकींची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. घरात घागर भरून पितरांना पुजायचं, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. सालदाराचं सालही आखाजीपासून आखाजीपर्यंत धरत, त्यामुळे ओसरीवर मामाची कुणाशी तरी बोलणी चाललेली असायची, आणि गावातले बाप्ये पत्त्यांच्या डावात. पण मला आठवते ती आई. नाशिकला जिने एकदा पळत बस पकडली नव्हती, ती झोक्यावर उभी राहून पदर खोचून इतका उंच झोका घ्यायची, की आम्ही खालून ‘आई, पुरे’ म्हणून ओरडायचो. ती ऐकायची नाही. तिला त्या दिवसांत आमचं काहीच ऐकू यायचं नाही.

दुपारी दारं लावून घ्यायची, कारण ऊन पंचेचाळिसाच्या घरात. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, की मातीचा वास आणि बाजा टाकायची घाई. रात्री धाब्यावर ओळीने अंथरुणं. दोन मावश्यांची पोरं धरून आम्ही इतके असायचो, की शेवटच्याच्या वाट्याला कठड्याशेजारची जागा यायची आणि मग त्याला मोठ्यांत नेऊन झोपवत. पहाटे आजी आणि मामी खाली उतरून कुरडयांचा चीक शिजवायला घेत. वाटीभर गरम चीक, वर तेल. त्याच्यासाठी आम्ही तोंड न धुता रांगेत. मग ज्वारीचे बिबडे वाळत घालायचे आणि कावळे हाकायचे काम पोरांचं. हे काम अर्ध्या तिकिटवाल्यांचं होतं; मांडीवरच्यांना आणि पूर्णवाल्यांना त्यात शिरकाव नव्हता.

माझा भाऊ बारा वर्षांचा झाला त्या साली वहीतल्या एका ‘अ’चा ‘पू’ झाला. १९६२ सालच्या ‘हाफ तिकीट’मध्ये किशोरकुमार एवढा मोठा बाप्या लहान मुलाचे कपडे घालून अर्ध्या तिकिटावर गाडीत बसतो, ते त्याने दूरदर्शनवर पाहिलं होतं. ‘मी वाकून चालतो की,’ असं त्याने आईला सुचवलं. आई हसली नाही. वय चोरायचं नाही, यावर ती ठाम होती; त्यापेक्षा जायचं नाही. भावाने मात्र गाडीत आपली पूर्ण जागा वसूल केली, पाय पसरून. पुढे माझी बारा पूर्ण झाली आणि आजोळ वर्षाआड झालं. धाकटी तेवढी अजून अर्धी होती, तिला घेऊन एकदा आई एकटीच गेली. आम्हा दोघांना सांगितलं गेलं, की आता तुम्ही मोठे झालात, तुम्हाला तिथे करमणार नाही. आम्हाला करमलं असतं.

निघताना आजी आईच्या मुठीत घडी घातलेली नोट कोंबायची. ‘पोरांच्या गाडीभाड्याला,’ म्हणायची. म्हणजे तिलाही ती बेरीज माहीत होती.

मग मधली वर्षं गेली. कॉलेज, पुण्याला नोकरी, लग्न. त्यांत आजोळाला जागा नव्हती आणि त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. आजोळ परत आलं ते माझ्या मुलाबरोबर. तो सव्वा वर्षाचा, त्यामुळे त्याचं तिकीट नाही. फुकट प्रवास करणाऱ्या या गृहस्थाचं सामान सगळ्यांत जास्त असतं, हे बाळवाल्यांना सांगायला नको. दुधाची बाटली, ती उकळायचं भांडं, लंगोट, डायपर, तापाचं औषध, खेळण्यातला आवाज करणारा हत्ती. मांडीवर झोपला की आपला पाय मुंग्या येऊन बधिर, आणि हलवावा तर हा जागा. नाशिकहून आईला सोबत घेतलं आणि पुन्हा पाचोरा, पुन्हा पीजे. आजी गेली होती. घर मामीचं झालं होतं.

त्या खेपेबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. बाळ झाल्यापासून मी सलग झोपले नव्हते. पुण्यात आम्ही दोघंच. नवरा मदत करायचा, पण मदत करणाऱ्यालाही सकाळी कामावर जायचं असतं. मामाच्या घरी पोचल्यावर मामीने मुलाला माझ्याकडून काढून घेतलं, तेलाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसली आणि मला म्हणाली, ‘तू पड जरा.’ मी मधल्या अंधाऱ्या खोलीत पडले. बाहेर तो रडत होता, मग कुणाच्या तरी कडेवर गेला, मग दुसऱ्या कुणाच्या, शेजारची एक म्हातारी त्याला चुलीवरची भाकरी फुगताना दाखवत होती, इतकं ऐकलं. जाग आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कुणी उठवलं नव्हतं. मुलगा अंगणात बाजेवर उघडाबंब बसून आंब्याची कोय चोखत होता, त्याच्या पोटावर रसाचे ओघळ, आणि माझ्याकडे त्याने ओळखदेखील दिली नाही. लहान मुलं घेऊन नातेवाइकांकडे का जावं, याची पुष्कळ थोर उत्तरं आहेत. संस्कार, नाती, मातीशी ओळख वगैरे. माझं उत्तर झोप हे आहे. झोक्यावर आई कशाने इतकी उंच जायची, तेही मला त्या संध्याकाळी कळलं: आम्ही तिघेही तेव्हा दुसऱ्या कुणाकडे होतो.

मुलीच्या वेळी गोष्टी बदलत गेल्या. पीजे २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. त्या मार्गावर आता रुंद रुळांचं काम आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली. अठ्ठावन्न पूर्ण केलेल्या बायकांना त्याआधी निम्मं भाडं पडत असे, आणि आईने त्याचा पुरेपूर लाभ घेतला होता. मुलांचंही तसंच. पाच ते बाराच्या मुलाला आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर २०१६पासून पूर्ण भाडं लागतं. बर्थ नको असेल तर अर्धं. आईचं ते ‘अर्धं तिकीट तर अर्धंच बसायचं’ असं शेवटी नियमात येऊन बसलं.

मग आमची वरात एसटीकडे वळली. नाशिकहून चांदवड, मालेगाव, चाळीसगाव, भडगाव करत पाचोरा. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास फुकट झाला होता. २०२४ची आखाजी १० मेला आली, म्हणजे शाळांना सुट्टी लागलेली. आम्ही सगळे निघालो. कंडक्टरने मशीन पुढे केलं आणि यादी अशी निघाली: बाबा शून्य, आई अर्धी, मी अर्धी, लेक अर्धी. मुलगा बारा ओलांडून बसलेला, म्हणून पूर्ण. नवरा पूर्ण. मुलाने मान ताठ केली. लेकीने विचारलं, ‘मी पूर्ण कधी होणार?’ मी म्हटलं, ‘एसटीत तरी नाही.’ ती रुसली. तिच्या वयात मलाही पूर्ण व्हायची घाई होती, फक्त वहीतली बेरीज तेव्हा मला दिसत नव्हती. पुढे २०२५च्या जानेवारीत एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेव्हा नवऱ्याने घरात सांगून टाकलं, की ही वाढ खऱ्या अर्थाने फक्त त्याच्यावर आणि चिरंजीवांवर झाली आहे.

बायकांच्या या सवलतीवर पुष्कळ विनोद झाले. बायका उगाच फिरतात, भाजी आणायला तालुक्याला जातात, घरी बसवत नाही, वगैरे. माझ्याजवळ याची आकडेवारी नाही, एक मामी आहे.

मामी त्या घरात आली तेव्हा मी शाळकरी होते. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, असं मीही वर म्हणून गेले. पण एका घरच्या लेकी जेवायला बसल्या, की त्यांना वाढायला दुसऱ्या घरची लेक लागते. मामीचं माहेर बुलढाणा जिल्ह्यात, मोताळ्याकडे. तीन नणंदा, त्यांची पोरं, पहाटेचा चीक, दुपारच्या भाकरी, रात्रीची अंथरुणं. आम्ही जून तोंडावर येईस्तोवर हलायचो नाही, आणि आम्ही हललो की पेरणीची कामं सुरू. ती माहेरी जायची ती कुणाच्या लग्नाला, किंवा कुणी गेलं तर. एसटीचं भाडं मामाकडून मागून घ्यावं लागे आणि मागताना कारण सांगावं लागे. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, म्हणून आमच्यापैकी कुणाला हे दिसलंच नाही.

२०२३नंतर मामी जायला लागली. आधी दोन दिवस, मग चार. बिबड्याच्या विक्रीतून चार पैसे तिच्याजवळ असायचे आणि अर्धं तिकीट त्यांत बसायचं. आता कारण लागत नाही. जाऊन येते, एवढंच सांगते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नेहमीप्रमाणे मामाला फोन करून निघालो. पोचलो तेव्हा ती पिशवी भरून दारात उभी. मुलांच्या तोंडावरून हात फिरवला, लेकीला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘पीठ डब्यात हाये, बिबडे फडताळात. मी रविवारी येते.’ गावातून जाणाऱ्या गाडीत बसली आणि गेली. मामा अवघडून चहा ठेवायला लागला. साखर कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं. रविवारपर्यंत भाकरी मी केल्या, भांडी नवऱ्याने घासली, आणि मुलांनी धाबा झाडला. झोप काही मिळाली नाही. आई बाजेवर बसून सगळं बघत होती. ‘तिनं बरं केलं,’ म्हणाली, आणि थोड्या वेळाने, ‘आम्हीच कधी विचारलं नाही तिला.’

यंदा मी तारखा मामाला विचारल्या नाहीत, मामीला विचारल्या. तिने मेचा दुसरा आठवडा सांगितला. पहिल्या आठवड्यात ती मोताळ्याला असेल. तुम्हीही पोरंबाळं घेऊन कुणाकडे निघणार असाल, तर तिकीट काढायच्या आधी त्या घरच्या सुनेला फोन करा.